समोरच्या दातांतील फट आणि पडद्यावरचे हसू

पत्राचा सारांश: 31 वर्षांच्या एका वाचक भगिनींच्या वरच्या समोरच्या दोन दातांमध्ये लहानपणापासून फट आहे. पूर्वी ती बारीक होती. ‘गेल्या दोन-तीन वर्षांत जरा रुंदावल्यासारखी वाटते’, असे त्या लिहितात. हसताना तोंडावर हात जाण्याची सवय त्यांना शाळेपासून आहे. दोन महिन्यांनी त्यांना नव्या कामावर रुजू व्हायचे असून तिथे रोज लोकांसमोर उभे राहून बोलावे लागणार आहे. एका दंतवैद्यांनी तोंडाचे स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर त्यांना त्यांचेच नवे हसू दाखवले. फट अडीच मिलिमीटर आहे, वरच्या सहा दातांवर सिरॅमिकचे व्हिनिअर, म्हणजे दाताच्या समोरच्या बाजूवर चिकटवायची पातळ कवचे, बसवावे लागतील आणि दोन-तीन भेटींत काम होईल, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दंतवैद्यांनी अलायनरने, म्हणजे दातांवर चढवायच्या पारदर्शक साच्यांनी, दात सरकवण्याचा सल्ला दिला. आईचे म्हणणे, चांगल्या दातांना हात लावू नकोस. ‘फट दोन दातांत आहे, मग सहा दात कशाला? सगळे काम डिजिटल असल्यामुळे चूक होण्याचा प्रश्नच नाही ना? की आईचे ऐकावे?’ असे त्यांनी विचारले आहे.

तुमच्या पत्रातील तीनही प्रश्नांची उत्तरे देणार आहे. परंतु जे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, त्याच्यापाशी मला आधी थांबावेसे वाटते. फट रुंदावल्यासारखी वाटते, हे ते वाक्य. लहानपणापासून जशीच्या तशी असलेली फट आणि प्रौढपणी वाढत चाललेली फट या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे कारण बहुधा घडणीत असते. दात जबड्याच्या मानाने लहान असतात, बाजूचा एखादा दात खुंटलेला असतो किंवा आलेलाच नसतो, वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारा पडदा जाड असून दोन दातांमध्ये खाली उतरलेला असतो. क्वचित दोन दातांच्या मुळांमध्ये एखादा जादा दात हाडात अडकलेला असतो. ही कारणे आपल्या जागी स्थिर असतात. वाढत्या फटीमागे मात्र काहीतरी चालू असते. हिरडीच्या आजारामुळे दाताभोवतीचे हाड झिजले की समोरचे दात पुढे झुकतात आणि एकमेकांपासून दूर जातात. गिळताना जीभ दातांवर रेटण्याची सवय असली, किंवा मागचे दात काढून टाकल्यामुळे चावण्याचा भार समोरच्या दातांवर आला, तरीही असे घडते. हिरडीचा आजार पुष्कळदा दुखत नाही, त्यामुळे सरकलेला दात हीच त्याची पहिली खूण ठरू शकते.

म्हणून व्हिनिअर की अलायनर हा वाद तूर्त बाजूला ठेवा. या दोन दंतवैद्यांपैकी कोणी हिरडी आणि दात यांच्यामधल्या खाचेची खोली बारीक मोजपट्टीने दाताभोवती ठिकठिकाणी मोजली का, समोरच्या दातांचे एक्स-रे काढले का, दात हलतात का ते बोटाने चाचपून पाहिले का, हे आठवा. पत्रात त्याचा उल्लेख नाही; कदाचित हे झालेही असेल आणि तुम्हाला लिहिण्याजोगे वाटले नसेल. झाले नसेल, तर पहिली भेट त्यासाठी ठेवा. दरम्यान घरी एक गोष्ट पाहता येईल. चांगल्या उजेडात आरशासमोर वरचा ओठ बोटांनी उचलून धरा आणि फटीतील हिरडीकडे नीट पाहा. ती फिकट गुलाबी व घट्ट आहे, की लालसर, सुजलेली आणि चमकदार? दातांमधून धागा फिरवल्यावर रक्त येते का? मग ओठ हलकेच पुढे ताणून पाहा. दोन दातांमधल्या हिरडीचा रंग ओढ बसताच पांढुरका पडत असेल, तर ओठाचा पडदा तिथवर उतरला आहे, असा अंदाज बांधता येतो. जुनी छायाचित्रेही काढा. पाच-सात वर्षांपूर्वीचे हसतानाचे एखादे छायाचित्र आजच्या छायाचित्राशेजारी ठेवले, तर ‘वाटते’चे ‘आहे’ किंवा ‘नाही’ होईल आणि दंतवैद्यांनाही त्याचा मोठा उपयोग होईल. हिरडी आजारी असताना तिच्यालगत सिरॅमिक चिकटवणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देण्यासारखे आहे. चिकटवतानाच रक्त आणि ओलावा आड येतो, आणि पुढे दात सरकत राहिले की व्हिनिअरसकट फट पुन्हा उघडते.

आता सहा दातांचा प्रश्न. तुमच्या मनात शंका आहे ती मला समजते. दोन दातांच्या दुखण्यासाठी सहा दातांचा खर्च सांगितला की कोणालाही संशय येईल. पण थोडा हिशेब करून पाहू. वरचा समोरचा दात सरासरी साडेआठ मिलिमीटर रुंद आणि साडेदहा मिलिमीटर लांब असतो, म्हणजे रुंदी लांबीच्या सुमारे 80 टक्के. डोळ्याला जे प्रमाण सुखावते ते साधारण 75 ते 80 टक्क्यांच्या आसपासचे. अडीच मिलिमीटरची फट फक्त दोन दात रुंद करून बुजवली, तर प्रत्येक दात पावणेदहा मिलिमीटर होतो आणि प्रमाण 93 टक्क्यांवर जाते. दात चौकोनी दिसू लागतात. प्रमाण राखायचे म्हणून लांबी वाढवावी, तर दात बारा मिलिमीटरच्या वर न्यावा लागेल, आणि तो खालच्या ओठावर टेकू लागेल. यावर उपाय म्हणून ती मोकळी जागा शेजारच्या दातांमध्ये थोडी थोडी वाटून दिली जाते. म्हणून सहाचा आकडा केवळ पैशांसाठी काढलेला असतो, असे मी म्हणणार नाही. मात्र तो अटळ असतो, असेही नाही. तुमचे दात सरासरीपेक्षा लहान असतील तर दोनच दातांत काम भागू शकते, काहींचे चार दातांत भागते. शिवाय अलायनरने फट आधी अर्धी करून घेतली, तर उरलेल्या जागेसाठी दोन दातांवर अगदी थोडी भर पुरते. दोन्ही दंतवैद्यांचे सल्ले तुम्हाला परस्परविरोधी वाटले, पण ते एकत्रही नांदू शकतात. ‘दोन, चार आणि सहा दातांचे आराखडे शेजारी शेजारी दाखवा’, अशी विनंती जरूर करा. आराखडा संगणकावरच होत असल्याने त्याला फार श्रम पडत नाहीत, आणि सहाच दात का हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

डिजिटल पद्धतीविषयीचा तुमचा विश्वास मात्र थोडा तपासून घ्यावासा वाटतो. ही पद्धत काही कालपरवाची नाही. दंतवैद्याच्या खुर्चीजवळच यंत्राने सिरॅमिक कोरून ते त्याच बैठकीत बसवण्याचा पहिला उपचार स्वित्झर्लंडमधील झुरिकमध्ये 1985 साली झाला. दंतवैद्य व्हर्नर मॉर्मान आणि अभियंता मार्को ब्रँडेस्टिनी यांनी तो विकसित केला होता. आज काम साधारण असे चालते. तोंडातील छोट्या कॅमेऱ्याने दातांचे त्रिमितीय स्कॅन होते, त्यावर संगणकात नव्या दातांचा आकार रचला जातो, आणि तो आकार सिरॅमिकच्या ठोकळ्यातून यंत्र कोरून काढते. लिथियम डायसिलिकेट या जातीचे सिरॅमिक कोरताना बहुधा निळसर-जांभळे असते आणि तुलनेने मऊ असते. सुमारे 850 अंश सेल्सियसच्या भट्टीतून काढल्यावर त्याला दाताचा रंग आणि पुरेशी ताकद येते. पातळ कडा कोरताना उडू नयेत म्हणून व्हिनिअर थोडे जाड कोरून नंतर हाताने घासून पातळ करावे लागते, आणि रंगाच्या छटा, टोकाजवळची पारदर्शकता, पृष्ठभागाचे बारीक उंचवटे हे कसबी तंत्रज्ञाच्या हातून उतरतात. यंत्राची अचूकता खरी आहे, पण ती दिलेला आकार हुबेहूब उतरवण्याची अचूकता आहे. आकार चुकीचा रचला असेल तर तो चुकीचा आकारही तितक्याच अचूकपणे उतरतो.

शिवाय स्कॅनरला जे दिसते तेवढेच तो टिपतो. हिरडीखालचे हाड त्याला दिसत नाही, आणि नेमके हाडच फट बुजवण्याच्या कामात निर्णायक ठरते. दोन दात एकमेकांना जिथे टेकतात त्याच्या वर, हिरडीपर्यंत, एक त्रिकोणी जागा असते. ती हिरडीच्या टोकाने भरली नाही तर तिथे काळा त्रिकोण दिसतो. म्हणजे उभी फट जाऊन हिरडीजवळ काळे छिद्र उरते. दंतवैद्य डेनिस टार्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये याचा माग काढला होता. दात टेकण्याच्या जागेपासून हाडापर्यंतचे अंतर 5 मिलिमीटर किंवा कमी असेल, तर जवळजवळ सर्वच ठिकाणी हिरडी ती जागा भरते. 6 मिलिमीटरला हे प्रमाण 56 टक्के आणि 7 मिलिमीटरला 27 टक्के इतके घसरते. तुमच्या फटीत हिरडी बहुधा सपाट असेल, कारण तिला टोक काढायला कारणच पडलेले नाही. कुशल दंतवैद्य व्हिनिअरची कड हिरडीच्या किंचित आतून सुरू करतात आणि दाताचा उतार असा ठेवतात, की त्या सौम्य दाबाने हिरडी हळूहळू मधल्या जागेत उतरते. हा उतार जमला तर पाहणाऱ्याला फट होती हे सांगूनही पटत नाही. बिघडला तर कड हिरडीवर छज्जासारखी पुढे येते, तिच्याखाली अन्न अडकते आणि हिरडी सतत सुजलेली राहते. म्हणून ‘हिरडीजवळ काळा त्रिकोण राहील का, आणि तो टाळण्यासाठी तुम्ही काय करणार?’ हा प्रश्न विचारा. उत्तर देताना दंतवैद्य एक्स-रेकडे वळले, तर तुम्ही योग्य ठिकाणी बसला आहात.

आईच्या म्हणण्यात तथ्य आहे. दाताचे वरचे कवच, म्हणजे इनॅमल, एकदा घासले की पुन्हा येत नाही. व्हिनिअर सामान्यतः 0.3 ते 0.7 मिलिमीटर जाडीचे असते, आणि त्याला जागा करून देण्यासाठी पुष्कळदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास इनॅमल घासले जाते. व्हिनिअरची पकड इनॅमलवर उत्तम असते. त्याखालच्या थरापर्यंत, म्हणजे डेंटिनपर्यंत, गेल्यास ती कमजोर होते आणि दात शिवशिवण्याचा त्रास संभवतो. तुमच्या बाजूने एक अनुकूल गोष्ट अशी, की फट बुजवताना दाताला मुख्यतः भर घालायची असते. दात पुढे झुकलेले नसतील आणि त्यांचा मूळ रंग ठीक असेल, तर कित्येकदा अगदी नाममात्र घासून, काही वेळा न घासताही काम होते. पण पडद्यावर दाखवलेले हसू जर खूप पांढऱ्या, खूप सरळ दातांचे असेल, तर त्या पांढरेपणाची आणि सरळपणाची किंमत इनॅमलमध्येच मोजावी लागते. मूळ रंगच उजळायचा असेल तर आधी दात उजळवून घ्या, त्यानंतर साधारण दोन आठवडे जाऊ द्या म्हणजे चिकटवण्याची पकड कमी होणार नाही, आणि मग व्हिनिअरचा रंग ठरवा. उलट क्रम चालत नाही. सिरॅमिक नंतर उजळत नाही.

दात न घासता फट बुजवण्याचे आणखी दोन मार्ग आहेत. अलायनर किंवा तारा लावून दात सरकवले तर दात तुमचेच राहतात, पण समोरची फट पुन्हा उघडण्याच्या बाबतीत फार हट्टी असते. दातांच्या मागे कायमची बारीक तार चिकटवणे किंवा रात्री रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारा साचा) लावणे वर्षानुवर्षे सुरू ठेवावे लागते. हे आधीच मान्य नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. खालचे दात वरच्या दातांच्या मागच्या बाजूवर आदळत असतील, तर दात मागे घ्यायला जागाच नसते, तेही पाहावे लागते. दुसरा मार्ग कॉम्पोझिटचा. दाताच्या रंगाचा हा लेप दंतवैद्य थेट दातावर हाताने रचतात, बहुधा एकाच बैठकीत. तो सिरॅमिकपेक्षा लवकर डागळतो, त्याचे कोपरे उडू शकतात, काही वर्षांनी पुन्हा घासूनपुसून नवा करावा लागतो. पण तुटला तर तिथल्या तिथे दुरुस्त होतो, आणि मन बदलले तर बहुतांशी काढून टाकता येतो. प्रथमच असा उपचार करणाऱ्या व्यक्तीने कॉम्पोझिटपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. वर्ष-दोन वर्षे बंद फटीसह स्वतःचा चेहरा पाहिल्यानंतर सिरॅमिकचा निर्णय घेतला, तर तो पक्क्या माहितीवर घेतलेला असतो. सर्व दंतवैद्य याच्याशी सहमत होतील असे नाही.

तरीही व्हिनिअरच करायचे ठरले, तर पडद्यावरच्या चित्रावर होकार देऊ नका. त्याच आराखड्यावरून त्रिमितीय छपाईने दातांचा नमुना तयार होतो, त्यावरून मऊ साचा घेतला जातो, आणि त्या साच्यात तात्पुरते द्रव्य भरून ते तुमच्या न घासलेल्या दातांवर बसवता येते. काही मिनिटांत नवे दात तुमच्या तोंडात असतात. मग खुर्चीतून उठून उभ्या राहा, मोठ्या आरशात पाहा, बोला. साठपासून सत्तरपर्यंत मोठ्याने मोजा. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट म्हणताना शीळ येते का, जीभ अडखळते का, ‘वेळ’, ‘वारा’ म्हणताना दाताची कड खालच्या ओठाला टोचते का, हे लगेच कळते. उच्चारांतील किरकोळ फरक काही दिवसांत जुळून येतो, पण लांबी जास्त असेल तर ती आताच कमी करता येते. तुमचे नवे काम बोलण्याचेच असल्यामुळे ही चाचणी तुमच्यासाठी छायाचित्रापेक्षा मोलाची आहे. बोलतानाचा छोटा व्हिडिओ करून घ्या, आणि दोन दिवस तो कोणालाही न दाखवता स्वतः पाहा. ज्या दवाखान्यात अशी चाचणी न करता थेट दात घासायला घेतात, तिथून मी तरी परत फिरेन.

याच टप्प्यावर स्वतःला आणखी एक प्रश्न विचारावा. फट तुम्हाला नको आहे, की हात तोंडावर नेण्याची सवय नको आहे? दोन्ही गोष्टी तुम्ही पत्रात एकाच दमात लिहिल्या आहेत. दातांतील फट हा रोग नाही. हिरडी निरोगी आणि फट स्थिर असेल, तर ती तशीच ठेवण्यात आरोग्याचे काही नुकसान नाही, उलट ती जागा स्वच्छ ठेवणे सोपे जाते. तरीही ती बुजवावीशी वाटणे यात कमीपणा मुळीच नाही, आणि त्यासाठी तुम्ही कोणाला, आईलाही, कारण देण्याची गरज नाही. फक्त इतके ध्यानात असू द्या, की सिरॅमिक लावल्यावरही कित्येकांचा हात काही महिने तोंडाकडे जातच राहतो. आकार बदलला तरी सवय आपल्या गतीने सुटते.

दोन महिन्यांच्या मुदतीबद्दल स्पष्ट लिहितो. हिरड्या निरोगी निघाल्या, तर आराखडा, चाचणी, दातांची तयारी आणि व्हिनिअर बसवणे या गोष्टी दोन महिन्यांत घाई न करता होऊ शकतात. हिरडीचा आजार निघाला, तर आधी मुळांपर्यंत सफाई, आणि त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, पुन्हा मोजणी. त्या स्थितीत व्हिनिअर नव्या कामाआधी होणार नाहीत, आणि होऊही नयेत. सूज उतरल्यावर कॉम्पोझिटने तात्पुरती फट बुजवण्यासारखी स्थिती आहे का, हे तुमच्या दंतवैद्यांना विचारता येईल. रात्री दात करकर खाण्याची सवय असेल तर तेही आधी सांगा. व्हिनिअरनंतर रात्री घालायचे संरक्षक कवच लागेल. नखे कुरतडणे, पेन चावणे, पाकिटे दातांनी फाडणे या सवयी मात्र आजपासूनच सोडायला हव्यात. समोरच्या दातांतील धागा आणि मऊ ब्रश रोजचा. खरखरीत पेस्ट टाळावी. वर्षातून दोनदा तपासणी.

व्हिनिअर कायमचे असते, अशी समजूत असेल तर ती दूर करा. चांगल्या निवडीच्या रुग्णांत दहा वर्षांनीही दहापैकी नऊच्या आसपास व्हिनिअर जागेवर असतात, हे चांगलेच आहे. पण तुम्ही 31 वर्षांच्या आहात, म्हणजे आयुष्यात एकदा तरी, बहुधा त्याहून अधिक वेळा, ते बदलावे लागेल असे धरून चाला. खर्चाचा विचार करताना आजचा आकडा पुढच्या बदलासह मांडा.

त्यासाठीच एक शेवटची व्यावहारिक गोष्ट. उपचारापूर्वीचे स्कॅन, मान्य झालेला आराखडा, व्हिनिअरचा रंग आणि सिरॅमिकची जात यांची नोंद, तसेच एक्स-रे, या सर्वांची प्रत दंतवैद्यांकडून मागून स्वतःजवळ ठेवा. बारा वर्षांनी, कदाचित दुसऱ्याच गावी, एखादे व्हिनिअर तुटले तर नव्या दंतवैद्यांना तुमचे मूळ दात कसे होते आणि कोणता आकार तुम्हाला पसंत पडला होता, हे त्या फाइलमध्ये मिळेल. आणि यंदा तुम्ही काहीच केले नाही, तरी आजचे स्कॅन वर्षभरानंतरच्या स्कॅनवर ठेवून फट खरोखर रुंदावते आहे का, हे मिलिमीटरच्या अंशापर्यंत पाहता येईल.